डाग वाळला, मग फिट का येते?



गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. शाळेत परिपाठ चालू होता. राष्ट्रगीत झाले, दुआ झाली, आणि सुविचार वाचायला पुढे आलेली सातवीतली मुलगी हातातल्या कागदासकट मैदानातच कोसळली. डोळे वर गेले, उजवा हात ताठ झाला, मग सगळे अंग झटके देऊ लागले. एकजण कांदा आणायला धावले. कुणी तिच्या मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबला. कुणी पायातली चप्पल काढली. आणि आम्ही, बी.एड. झालेल्या, मुलांना रोज चार शहाणपणाच्या गोष्टी सांगणाऱ्या, तिचे दात बसू नयेत म्हणून डब्यातला चमचा घेऊन निघालो. आमच्या शाळेच्या सेविकाबाईंनी आमचा हात धरला. त्यांच्या दिराला फिट येतात, त्यांना माहीत होते. त्यांनी मुलीला कुशीवर वळवले, ओढणीची पिन काढली, आजूबाजूचे दगड बाजूला सारले आणि म्हणाल्या, ''घड्याळ पाहा, मॅडम.'' दोन मिनिटांच्या आत सगळे थांबले. पाच मिनिटे गेली असती तर 108 ला फोन लावायचा होता.

शरमेची गोष्ट आहे, पण सांगितलीच पाहिजे. त्या चमच्याने तिचा दात पडला असता, किंवा तुकडा श्वासनळीत गेला असता.

पुढच्या आठवड्यात तिची अम्मी आणि दादी शाळेत आल्या. नागपूरला नेऊन मेंदूचा फोटो काढला होता. ही काही पहिली फिट नव्हती. दोन वर्षांपूर्वी एक आली होती, तेव्हा मेंदूत छोटीशी गाठ दिसली, किड्याची. औषध झाले. आताच्या फोटोत गाठ नाही, तिच्या जागी कॅल्शियमचा एक ठिपका राहिला आहे. डॉक्टर म्हणाले, डाग वाळला, किडा केव्हाच मेला.

दादींचा प्रश्न वेगळा आणि अम्मींचा वेगळा होता. दादींनी आवाज खाली आणून विचारले, ''बेटा, हमारे घर में वो हराम चीज कभी नहीं आई. फिर ये कीडा कहाँ से आया?'' लोकांना कळले तर काय म्हणतील, याची भीती त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती. अम्मींनी विचारले, ''मॅडम, किडा मेला, डाग वाळला, मग फिट का येते?''

आम्ही उर्दू आणि मराठी शिकवतो. विज्ञान आमचा विषय नाही. पण दोन्ही प्रश्न घरी घेऊन आलो, विज्ञानाच्या सरांना छळले, ओळखीच्या डॉक्टरांना विचारले, मिळेल ते वाचले. त्यातून हाती आले ते या महिन्याच्या पानावर मांडतो. गोंदिया जिल्ह्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत सव्वातेरा लाखांच्या आसपास होती. भारतात हजारी पाच ते सहा जणांना अपस्मार असतो असा अंदाज आहे. म्हणजे आपल्या एका जिल्ह्यात साडेसहा ते आठ हजार माणसे. एवढी माणसे आपल्याला कधी दिसतात का? दिसत नाहीत, कारण घरे ती लपवतात.

आधी दादींचा प्रश्न, कारण तो इज्जतीचा आहे आणि त्याचे उत्तर सोपे आहे. या पट्टकृमीचे आयुष्य डुक्कर आणि माणूस या दोघांत वाटलेले असते. जो माणूस कच्चे राहिलेले, अळी असलेले डुकराचे मांस खातो, त्याच्या आतड्यात लांबलचक पट्टकृमी वाढतो. त्याच्या विष्ठेतून कृमीची अंडी बाहेर पडतात. ती अंडी उघड्यावरच्या घाणीतून, पाण्यातून, नीट न धुतलेल्या हातांतून, कच्च्या भाजीवरून दुसऱ्या कुणाच्याही पोटात जाऊ शकतात. त्या दुसऱ्याच्या पोटात अंडी फुटतात, अळ्या रक्तात शिरतात आणि काही मेंदूत जाऊन बसतात. मेंदूतला किडा मांस खाल्ल्याने येत नाही, अंडी गिळल्याने येतो. अंडी गिळणाऱ्याने आयुष्यात कधी मांस चाखलेले नसेल, तरी फरक पडत नाही. शुद्ध शाकाहारी घरांतही हे रुग्ण सापडतात.

याचा सर्वांत गाजलेला दाखला न्यूयॉर्कचा आहे. तिथल्या कर्मठ यहुदी वस्तीत, जिथे आपल्यासारखेच डुकराचे मांस निषिद्ध, एकमेकांशी नाते नसलेल्या चार जणांना फिट येऊ लागल्या आणि मेंदूत याच किड्याच्या गाठी निघाल्या. 1992 मध्ये हा तपास प्रसिद्ध झाला. संसर्ग घरात स्वयंपाक-कामाला येणाऱ्या, पोटात पट्टकृमी असलेल्या माणसांच्या हातून झाला असावा असा निष्कर्ष निघाला. त्या बायांनाही आपल्या पोटात काय आहे हे ठाऊक नव्हते. कुवेतमध्येही असे रुग्ण सापडले आहेत. तेव्हा दादींना आम्ही एवढेच म्हटले, की ही गोष्ट हराम-हलालची नाही, संडासाची आणि हात धुण्याची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे, ज्या देशांत हा कृमी आहे तिथल्या अपस्माराच्या सुमारे 30 टक्के रुग्णांमागे तो असतो.

आपल्या देशात तर यावरून मोठा गोंधळ होऊन गेला आहे. मेंदूत एकच छोटी गाठ दिसली की पूर्वी तिला क्षयाची गाठ समजत, आणि मुलांना महिनोन् महिने टीबीची औषधे देत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या डॉ. चांडी, डॉ. राजशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1989 मध्ये दाखवून दिले, की अशा रुग्णांतल्या पुष्कळ गाठी या किड्याच्या असतात. कितीतरी मुले त्यामुळे नको त्या औषधांतून सुटली.

आता अम्मींचा प्रश्न. तो मात्र आम्हाला बरेच दिवस पुरला.

मेंदू म्हटले की फळ्यावर आपण चेतापेशी काढतो. झाडासारख्या फांद्या, लांब शेपूट, त्यातून धावणारा विजेसारखा संदेश. फिट म्हणजे या पेशींचा एकदम, एकसाथ उठलेला कल्लोळ. आम्हालाही एवढेच माहीत होते. पण मेंदूत केवळ चेतापेशी नसतात. त्यांच्या अवतीभोवती दुसऱ्या जातीच्या पेशी असतात, ज्यांच्यातून असा विजेचा संदेश धावत नाही. जर्मनीच्या रुडॉल्फ विर्शो यांनी 1850 च्या दशकात त्यांना 'ग्लिया' हे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ डिंक, सरस. त्यांना वाटले, हा नुसता मसाला आहे, विटांना धरून ठेवणारा. नाव पडले ते पडलेच. पुढची शंभर वर्षे बहुतेक जगाने या पेशींकडे सिमेंट म्हणूनच पाहिले. त्या चेतापेशींच्या दहापट आहेत असे पुस्तकांत छापून येत असे. 2009 मध्ये ब्राझीलच्या सुझाना हर्क्युलानो-हाउझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजणीची नवी रीत वापरली. माणसाच्या मेंदूत सुमारे 86 अब्ज चेतापेशी आणि जवळजवळ तेवढ्याच इतर पेशी निघाल्या. म्हणजे अर्धा मेंदू. त्या अर्ध्याचे नाव 'डिंक'.

या डिंकात तऱ्हा आहेत. एक ताऱ्याच्या आकाराची पेशी, तिला ॲस्ट्रोसाइट म्हणतात. आम्ही इथे तारापेशी म्हणू. दुसरी मायक्रोग्लिया, मेंदूतली पहारेकरी आणि झाडूवाली. तिसरी चेतापेशींच्या शेपटांवर वेष्टन चढवणारी. फिटच्या गोष्टीत मुख्य काम पहिल्या दोघींचे.

तारापेशी काय करते ते समजायला आपल्या धानाच्या बांध्या बऱ्या. रोवणीनंतर बांधीत पाणी लागते, पण बेताचे. रात्रीतून जोराचा पाऊस झाला की सकाळी शेतकरी फावडे घेऊन जातो, धुऱ्याला तोंड पाडतो आणि जादा पाणी खालच्या बांधीत सोडतो. तिथून आणखी खाली. पाणी कुठेच साचून राहत नाही. चेतापेशी एकमेकींना संदेश देतात तेव्हा दोघींमधल्या फटीत ग्लुटामेट नावाचे रसायन सोडतात, आणि काम करता करता त्यांच्यातून पोटॅशियम बाहेर येते. दोन्ही थोडे असले तर ठीक, साचले तर शेजारच्या पेशी विनाकारण पेटतात. हा जादा माल उचलण्याचे काम तारापेशीचे. ती ग्लुटामेट झटपट आत ओढते, त्याचे निरुपद्रवी ग्लुटामाइन बनवते आणि चेतापेशीला कच्चा माल म्हणून परत देते. पोटॅशियम ती आत घेते आणि शेजारच्या तारापेशीला देते, कारण या पेशी एकमेकींना बारीक वाटांनी जोडलेल्या असतात, बांधीला बांधी जोडलेली असावी तशा. हे सारे रात्रंदिवस चालते, बिनबोभाट.

शास्त्रज्ञांनी 1997 मध्ये उंदरांतले ग्लुटामेट ओढून घेणारे तारापेशीचे मुख्य यंत्रच जन्मतः बंद करून पाहिले. चेतापेशींना हातही लावला नव्हता. तरी त्या उंदरांना भयंकर फिट आल्या आणि पुष्कळ त्यात मेले. म्हणजे फिट येण्यासाठी चेतापेशीत बिघाड असलाच पाहिजे असे नाही.

माणसातही हे दिसले, आणि ते आपल्या समाजाने नीट वाचावे असे आहे. तारापेशीत पोटॅशियम आत घेणारा एक दरवाजा असतो. तसाच दरवाजा कानाच्या आतल्या भागात आणि मूत्रपिंडातही असतो. 2009 मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी दोन कुटुंबांतल्या पाच मुलांची हकीकत छापली. या मुलांना बाळपणापासून फिट येत, चालताना तोल जाई, ऐकू कमी येई, आणि मूत्रपिंडातून क्षार वाहून जात. चारही तक्रारींचे मूळ एका जनुकात, त्या एका दरवाज्यात निघाले. दोन्ही घरांत आईबाप एकमेकांच्या नात्यातले होते. असा आजार फार विरळ आहे, आणि चुलत-मावस भावंडांचा निकाह शरीअतने मनाही केलेला नाही. पण घरात एकामागून एक अशी मुले जन्मली असतील, तर पुढचा रिश्ता घरातल्या घरात ठरवण्याआधी डॉक्टरांना विचारण्यात काय बिघडते? यावर पुन्हा कधीतरी सविस्तर लिहू.

आता वाळलेला डाग. मेंदूत बसलेला किडा जिवंत असताना बहुधा गप्प असतो. शरीराच्या पहारेकऱ्यांना चकवून तो वर्षानुवर्षे राहू शकतो. तो मरायला लागला की पहाऱ्याला त्याची चाहूल लागते, मायक्रोग्लिया जाग्या होतात, सूज येते, आणि बहुतेकांना पहिली फिट याच काळात येते. मग सूज ओसरते, गाठ विरघळते किंवा तिचा खडा बनतो. पण मधल्या काळात आजूबाजूच्या तारापेशींनी एक काम केलेले असते. त्या फुगतात, फांद्या जाड करतात, एकमेकींत गुंतून जखमेभोवती कुंपण घालतात. याला ग्लियाचा व्रण म्हणायचे. कातडीवरच्या जखमेची खूण राहते, तशीच ही मेंदूतली खूण. अम्मींना आम्ही सांगितले, की डॉक्टर वाळला म्हणतात तो मधला खडा, आणि त्याच्या भोवतीचे कुंपण जिवंत आहे.

हे कुंपण वाईट म्हणावे तर तसेही नाही. ते नसते तर सूज पसरली असती, चांगला भाग खराब झाला असता. तारापेशी वाचवायलाच धावलेली असते. पण कुंपण घालण्याच्या घाईत तिचे रोजचे काम बिघडते. पोटॅशियमचे दरवाजे कमी होतात. ग्लुटामेटचे ग्लुटामाइन करणारे विकर घटते; फिटसाठी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या मेंदूच्या तुकड्यांत ते घटलेले असल्याचे अमेरिकेच्या येल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2004 मध्ये दाखवले. सुजेत रक्तवाहिन्यांच्या भिंती झिरपल्या तर रक्तातले अल्ब्युमिन मेंदूत उतरते आणि तारापेशीचे काम आणखी बिघडवते. जर्मनीतल्या बॉनच्या संशोधकांचे 2015 चे काम तर आम्हाला सर्वांत बोलके वाटले. व्रण झालेल्या मेंदूच्या तुकड्यांत त्यांना तारापेशी एकमेकींपासून तुटलेल्या सापडल्या, मधल्या वाटा बंद. उंदरांत त्यांनी पाहिले की या वाटा आधी बंद होतात आणि चेतापेशींचे मरणे व पुढच्या फिट नंतर येतात. प्रत्येक बांधीचे तोंड बुजवले आणि वरून पाऊस चालू राहिला, तर शेताचे काय होईल ते आमच्या भागातल्या कुठल्याही पोराला सांगावे लागणार नाही.

याच्या उलट बाजूचे म्हणणेही आहे आणि तेही खरे आहे. वारंवार फिट आल्यानेही तारापेशी अशाच फुगतात. म्हणजे व्रणामुळे फिट की फिटमुळे व्रण, हे प्रत्येक रुग्णात वेगळे करणे कठीण. बहुधा दोन्ही एकमेकांना खतपाणी घालतात. म्हणून पहिल्यापासून फिट आटोक्यात ठेवण्याला डॉक्टर एवढे महत्त्व देतात.

किड्याच्या डागाबाबत मात्र आपल्याच देशातला पुरावा आहे. लखनऊच्या संजय गांधी पदव्युत्तर संस्थेतल्या डॉक्टरांनी 2000 मध्ये एमआरआयच्या खास पद्धतीने गाठीभोवतीचा हा ग्लियाचा व्रण पाहिला. ज्यांच्या गाठीभोवती तो दिसला त्यांच्या फिट पुढेही चालू राहण्याचा धोका जास्त निघाला. पेरूमधल्या रुग्णांवरचा 2008 चा अभ्यास सांगतो, की खडा झालेल्या डागाच्या रुग्णांना पुन्हा फिट आली तेव्हा त्यांतल्या निम्म्यांच्या मेंदूत त्या खड्याभोवती ताजी सूज दिसली. किडा मरून वर्षे लोटलेली, तरी सूज.

तर अम्मींच्या प्रश्नाचे उत्तर हे होते. आणि ते किड्याच्या डागापुरतेच नाही. डोक्याला मार, लकवा, मेंदूज्वर, आपल्या देवरी-सालेकसाकडच्या जंगलपट्टीत होणारा डोक्यात चढलेला मलेरिया, या साऱ्यांनंतर कधी महिन्यांनी, कधी वर्षांनी फिट सुरू होते, ती याच मधल्या काळातल्या घडामोडींमुळे. मोटरसायकलवरून पडलेला पोरगा बरा होऊन कामाला लागतो, आणि दोन वर्षांनी फिट येते तेव्हा लोक म्हणतात, आता तर काही झाले नव्हते, नक्कीच कुणीतरी काही केले.

हा धागा पहिल्यांदा नीट ओढला तो वाइल्डर पेनफिल्ड यांनी. अमेरिकेत जन्मलेले हे सर्जन 1924 मध्ये स्पेनला, माद्रिदला गेले, ते केवळ ग्लिया पाहायला. तिथे पियो देल रियो ऑर्तेगा नावाचे शास्त्रज्ञ चांदीच्या क्षाराने रंगवून या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दाखवत. मायक्रोग्लिया त्यांनीच ओळखून वेगळी काढली. ती विद्या घेऊन पेनफिल्ड 1928 मध्ये जर्मनीत ओटफ्रिड फोर्स्टर यांच्याकडे पोहोचले. फोर्स्टर पहिल्या महायुद्धात डोक्याला जखमा झालेल्या, नंतर फिट येऊ लागलेल्या सैनिकांचे व्रण कापून काढत होते. ते तुकडे पेनफिल्डनी रंगवून पाहिले. जखम भरल्यावर वर्षांनीही व्रण मेंदूला ओढत होता. 1930 मध्ये दोघांनी मिळून ते छापले. त्याच सुमारास पेनफिल्ड यांच्या सख्ख्या बहिणीला, रूथला, तरुणपणापासून येणाऱ्या फिटचे कारण सापडले. मेंदूत गाठ होती, ग्लियाच्या पेशींपासूनच वाढलेली. डिसेंबर 1928 मध्ये भावाने स्वतः बहिणीची शस्त्रक्रिया केली. सगळी गाठ काढता आली नाही, आणि 1931 मध्ये ती वारली. पुढे 1934 मध्ये त्यांनी मॉन्ट्रियलला मेंदूची मोठी संस्था उभारली.

आपल्याकडे 'मिरगी', 'सरअ' हे शब्द जुने आहेत. इब्ने सीना यांनी हजार वर्षांपूर्वी 'अल-कानून' मध्ये सरअला मेंदूचा आजार म्हणून तपशिलाने मांडले. त्यांचे कारणांचे गणित आज टिकत नाही, पण त्यांनी तो रोग म्हणून पाहिला. सही बुखारी आणि सही मुस्लिममध्ये त्या काळ्या वर्णाच्या स्त्रीची हदीस आहे. ती अल्लाहच्या रसूलांकडे (स.) आली आणि म्हणाली, की मला झटके येतात, त्यात माझे कपडे सरकतात, माझ्यासाठी दुआ करा. तिला सांगितले गेले, की हवे तर सब्र कर, तुझ्यासाठी जन्नत आहे. हवे तर बरे होण्याची दुआ करतो. तिने सब्र निवडला, आणि एवढेच मागितले की झटक्यात माझे अंग उघडे पडू नये. ती दुआ केली गेली. इब्ने अब्बास (रजि.) पुढे आपल्या शागिर्दाला ही स्त्री दाखवून म्हणत, की जन्नतवाली बाई पाहायची आहे का? आम्हाला या हदीसमध्ये नेहमी तिची लाज राखण्याची काळजी दिसते. फिट आलेल्या मुलीभोवती मोबाइल काढून उभे राहणाऱ्यांनी ती आठवावी. आणि इलाज करा, हा हुकूमही त्याच रसूलांचा (स.) आहे.

जिन्न आहेत यावर आपला ईमान आहे. पण प्रत्येक झटका त्यांच्या नावावर टाकायचा, मुलीला मारहाण करणाऱ्या, धुरी देणाऱ्या बाबाकडे न्यायचे आणि गोळी बंद करायची, हे कुठल्या किताबात आहे ते आम्हाला कुणी दाखवावे. दम करायचे असेल तर करा, सूरह फातिहा पढून फुंका, आणि रात्री नऊची गोळी नऊला द्या.

मुलीच्या अम्मींची खरी भीती रिश्त्याची होती, हे आम्हाला नंतर कळले. देशात हिंदू विवाह कायद्यात आणि विशेष विवाह कायद्यात अपस्माराची अट होती; ती 1999 च्या दुरुस्तीने काढली गेली. आपल्या 1939 च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्यात तर अपस्माराचे नाव कधीच नव्हते. कायद्याने कधी नाव न घेतलेला आजार आपण निकाहाच्या वेळी लपवतो, मग सासरी गोळ्या लपवायच्या म्हणून बंद करतो, आणि महिन्याभरात वलीम्याच्या भांड्यांशेजारी मुलगी कोसळते. सांगून ठरलेला रिश्ता थोडा उशिरा येईल, पण गोळी उघड्यावर घेता येईल. एक गोष्ट मात्र निकाह ठरताच डॉक्टरांना आवर्जून सांगा. काही औषधे, विशेषतः व्हॅल्प्रोएट, गरोदरपणात बाळाला इजा करू शकतात. डॉक्टर औषध वेळेवर बदलतात. घरच्या घरी बंद करू नये.

आजची बहुतेक औषधे चेतापेशींना शांत करणारी आहेत. साधारण दहांतल्या सात जणांचे त्यांवर भागते. उरलेल्या तिघांसाठी तारापेशीला तिचे काम परत शिकवणारे औषध शोधले जात आहे, ते अजून दवाखान्यात आलेले नाही. तोवर व्रण तिथेच राहणार आणि गोळी पहारा देणार. म्हणून फिट थांबली की गोळी थांबवायची नसते. किती वर्षांनी, कशी हळूहळू कमी करायची ते डॉक्टर ठरवतात. रमजानचेही तसेच. दिवसातून तीनदा घ्यायची गोळी सेहरी-इफ्तारमध्ये कोंबून चालेल की बदलावी लागेल, हे शाबानमध्येच विचारून घ्या. सेहरीसाठी अर्धी रात्र जागणेही काहींना फिट आणते. आजाऱ्याला रोजा सोडण्याची सवलत कुरआननेच दिली आहे.

शाळेत फेब्रुवारीत जंतनाशक दिवस असतो, आम्हीच मुलांना अल्बेन्डाझोलची गोळी चघळायला देतो. ती आतड्यातल्या जंतांसाठी आहे, मेंदूतल्या गाठीचा तो इलाज नव्हे. ज्या मुलाला कधी फिट आली आहे त्याच्या पालकांनी त्या दिवसाआधी शिक्षकांना आणि आरोग्य सेविकेला सांगावे, म्हणजे डॉक्टरांना विचारूनच गोळी देता येते. यंदा आम्ही वर्गात हे आधी विचारले. तीन हात वर झाले. त्यांतले दोन आम्हाला माहीत नव्हते.

मुलगी आता आठवीत आहे. मधल्या काळात एकच फिट आली, तीही लग्नघरी गोळी राहून गेली त्या रात्री. मागच्या महिन्यात तिच्या घरी गेलो तेव्हा दादी अंगणातल्या नळाखाली सांभार धूत बसल्या होत्या, एकेक काडी वेगळी करून. आम्ही सलाम केला. त्यांनी वर न पाहता सुनेला आवाज दिला, की मॅडम आल्यात, चहा ठेव, आणि आधी हात धू.